रामगती : कचरा ओढणाऱ्या एका इंजिनाचे जतन

यंत्राला जात नसते, असे आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगितले जाते. सांगणारे दोन प्रकारचे आहेत. काहींना जात या विषयावर बोलायचेच नसते, म्हणून ते रेल्वेच्या डब्याकडे बोट दाखवतात. ब्राह्मण आणि महार एका बाकावर बसले, आता आणखी काय पाहिजे, असा त्यांचा सवाल असतो. दुसरे आपले मित्र आहेत. ते मार्क्सचा दाखला देतात. ८ ऑगस्ट १८५३ च्या ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’मध्ये हिंदुस्थानातील ब्रिटिश राजवटीच्या भावी परिणामांविषयी लिहिताना मार्क्सने असे भाकीत केले होते की, रेल्वेतून जो आधुनिक उद्योग उभा राहील तो येथील वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडून काढील, आणि जाती ज्या पायावर उभ्या आहेत तो पायाच त्यामुळे ढासळेल. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी जाऊन तेव्हा चार महिनेही पुरते झाले नव्हते. लंडनमध्ये बसून एवढे पाहणाऱ्या माणसाची दृष्टी मोठी होती यात शंका नाही. परंतु भाकीत कितीही मोठ्या माणसाचे असले तरी ते तपासून घ्यायचे असते. डब्यातल्या बाकावर बसून ते तपासता येत नाही. तिकीट काढलेला माणूस रेल्वेत काही तासांचा पाहुणा असतो. तपासायचे तर इंजिन जिथे राबले त्या जागी गेले पाहिजे, आणि त्याच्या आजूबाजूला कोण राबत होते हे पाहिले पाहिजे.

यासाठी मी येथे एकच इंजिन घेतले आहे. ते दिल्लीला चाणक्यपुरीतील राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. नाव रामगती. इंग्रजी स्पेलिंगवरून आपल्याकडे कोणी ते ‘रामगोटी’ असेही लिहितात, पण मूळ बंगाली नाव रामगतीच. चारच चाकांचे, लहानखुरे इंजिन. १८६२ साली पॅरिसच्या आंजुबो या कारखान्यात ते तयार झाले. इंडियन ब्रँच रेल्वे नावाच्या कंपनीने बंगालमध्ये नलहाटी ते अझिमगंज असा सुमारे २७ मैलांचा फाटा टाकला, तो १८६३ च्या डिसेंबरात सुरू झाला, आणि त्या फाट्यासाठी हे इंजिन आणले गेले. रूळ चार फुटी होते. म्हणजे मुख्य मार्गाच्या साडेपाच फुटी रुळांपेक्षा अरुंद, खर्चाने कमी. कंपनीचे एक संचालक बाबू रामगती मुखर्जी यांचे नाव इंजिनाला देण्यात आले. १८७२ मध्ये हा फाटा सरकारने घेतला, १८९२ मध्ये रूळ रुंद झाले. इंजिनही पुढे रुंद रुळांसाठी बदलून घेतले गेले, आणि त्यानंतर ते कलकत्ता महापालिकेकडे गेले. तिथे त्याला काम मिळाले ते शहराचा कचरा ओढण्याचे.

रामगतीविषयी जी माहिती छापली जाते ती बहुधा याच क्रमाने येते. कारखाना, साल, रुळांची रुंदी, फाटा, संचालकांचे नाव, आणि अगदी शेवटी एका वाक्यात कचरा. ते वाक्य वाचताना असे वाटते की लिहिणाराही नाकाला रुमाल लावून तिथून चटकन पुढे गेला असावा. एखाद्या खानदानी माणसाचा उतारवयातला गैरप्रकार चरित्रकाराने एका ओळीत उरकावा तसे. माझे म्हणणे असे की, रामगतीचे खरे चरित्र त्या शेवटच्या वाक्यात आहे, आणि आधीचे सगळे त्याची प्रस्तावना आहे.

इंजिनांच्या नावांविषयी येथेच थोडे बोलून घेतो, कारण ती गोष्ट आपल्या वाचकांना पटकन ओळखू येईल. या देशातील रेल्वेचा इतिहास १६ एप्रिल १८५३ पासून, तोफांच्या सलामीपासून आणि चारशे निमंत्रितांपासून सुरू करण्याची पद्धत आहे. पण त्याच्याही आधी इंजिने राबत होती. १८५१ च्या डिसेंबरात रुडकीजवळ गंगा कालव्याच्या सोलानी जलसेतूच्या बांधकामावर माती ओढणारे एक इंजिन सुरू झाले होते. त्याचे नाव थॉमसन, वायव्य प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरवरून. १८५२ मध्ये आपल्या भायखळ्याच्या बाजूला कंत्राटदाराच्या कामावर जे इंजिन धावले त्याचे नाव लॉर्ड फॉकलंड, मुंबईच्या गव्हर्नरवरून. म्हणजे या देशात वाफेच्या इंजिनाने प्रथम ओढली ती माती, साहेब लोक नव्हेत. माती खणणारे, पाट्या भरणारे, भराव घालणारे हजारो लोक होते. नाव मात्र गव्हर्नरचे लागले. रामगतीच्या वेळी गव्हर्नरच्या जागी देशी संचालक आला, एवढाच फरक. स्वदेशी भांडवलाची ही पहिली पावले म्हणून कोणाला त्याचा अभिमान वाटत असेल तर वाटो.

आता कचऱ्याकडे येऊ.

कलकत्त्याचा कचरा शहराच्या पूर्वेला धापा नावाच्या दलदलीच्या भागात टाकण्याची व्यवस्था १८६० च्या दशकात झाली, आणि तिथवर कचरा नेण्यासाठी महापालिकेने स्वतःची रेल्वे टाकली. धापा पुढे दोन कारणांनी नावाजले. कचऱ्याच्या डोंगरांसाठी, आणि त्या कचऱ्याच्या खतावर पिकणाऱ्या भाज्यांसाठी. कलकत्त्याच्या भद्र घरांत शिजणारा फ्लॉवर आणि पालेभाजी पिढ्यान्‌पिढ्या धापाच्या मातीतून आली. त्या घरांनी काल टाकलेले आज त्यांच्याच ताटात परत आले, आणि त्याचा विटाळ कोणाला झाला नाही. विटाळ होता तो मधल्या माणसांचा.

हे मधले लोक कोण होते? मेहतर, डोम, हाडी, धांगड अशी त्यांची नावे कागदोपत्री येतात. (यातील धांगड म्हणजे आपल्याकडचे मेंढपाळ धनगर नव्हेत. छोटा नागपूरकडून मजुरीला आलेल्या आदिवासींना कलकत्त्यात हे नाव पडले आणि गटारे उपसण्याचे काम त्यांच्या माथी आले.) बिहार, संयुक्त प्रांत, ओरिसा येथून ही माणसे शहरात आली. गावात जे काम जातीने दिले होते तेच शहरात महापालिकेने पगारावर दिले. धांगडांच्या बाबतीत तर आणखी विचित्र घडले. त्यांच्या गावात त्यांचे हे काम नव्हतेच. शहराने त्यांना ते काम दिले आणि कामाने त्यांची नवी जात ठरवली. उद्योग वंशपरंपरागत श्रमविभागणी मोडील असे मार्क्सने म्हटले होते. येथे उद्योग नवी श्रमविभागणी वंशपरंपरागत करून ठेवतो आहे.

कचऱ्याची आगगाडी कशी चालते याचा विचार केला तर हे आणखी स्पष्ट होते. घराघरांतून आणि रस्त्यांवरून कचरा जमा होतो तो खराट्याने आणि पाटीने. पाटी गाडीत रिकामी होते, गाडी ओढायला बैल किंवा माणूस असतो. गाडीतला कचरा रुळाशी आणून वाघिणीत भरायचा तो फावड्याने. मग इंजिन येते, वाघिणी जोडल्या जातात आणि काही मैल ओढून नेल्या जातात. तिथे पोचल्यावर वाघिणी पुन्हा रिकाम्या करायच्या, पसरायच्या, त्यातून काच, हाडे, चिंध्या वेगळ्या काढायच्या. पुन्हा हात, पुन्हा फावडे. या सगळ्या साखळीत वाफ कुठे आली? मधल्या काही मैलांत. जिथे कोणाला कचऱ्याला हात लावावा लागत नव्हता नेमकी तीच जागा यंत्राला मिळाली. दोन्ही टोकांना माणसाचे हात तसेच राहिले.

हा योगायोग नव्हे. यंत्र कुठे आणायचे हे मालक हिशेबाने ठरवतो. काही मैल बैलगाड्यांचा तांडा चालवायचा तर बैलाला चारा लागतो, गाडीवानाला मजुरी लागते, वेळ जातो. तिथे इंजिन स्वस्त पडते. पण वाघीण भरण्याचे काम ज्या मजुरीत होत होते त्या मजुरीशी स्पर्धा करील असे यंत्र जगातल्या कोणत्याही कारखान्यात बनत नव्हते. ती मजुरी इतकी कमी का होती? कारण ते काम करणाऱ्याला दुसरे काम मिळत नव्हते, आणि दुसरे कोणी ते काम करायला तयार नव्हते. म्हणजे जातीने श्रम स्वस्त केला आणि स्वस्त श्रमाने यंत्राला दारातच थोपवले. ‘यंत्र आले की जात जाते’ हे सूत्र येथे उलटे वाचावे लागते. जात जिथे पक्की होती तिथे यंत्र आलेच नाही.

रामगती स्वतः तरी या कामावर का आले? प्रवाशांच्या मुख्य मार्गावरून उतरलेले, वयाने मोठे, ताकदीने कमी असे इंजिन होते ते. औद्योगिक इंजिनांचे आयुष्य बहुधा असेच जाते. खाणीत, साखर कारखान्यात, बंदरात, गिरणीच्या आवारात जी इंजिने राबली त्यांपैकी काही मुद्दाम लहान बनवलेली होती आणि काही मोठ्या मार्गावरून काढून टाकलेली. त्यांचे काम म्हणजे दिवसभर थांबणे आणि सुटणे, पुढे ढकलणे आणि मागे ओढणे. वेग नाही, वेळापत्रकात नाव नाही. या इंजिनांवर कादंबऱ्या लिहिल्या जात नाहीत. मराठी ललित निबंधातली आगगाडी आठवा. ती उन्हाळ्याच्या सुटीत मामाच्या गावाला जाते, तिची शिट्टी रात्री दुरून ऐकू येते, तिच्या खिडकीतून झाडे पळतात. त्या खिडकीत बसलेल्या मुलाला राखेचा खड्डा कधी दिसला नाही.

आमच्या घरात रेल्वेची आठवण वेगळी होती. माझे आजोबा इंजिनांच्या शेडमध्ये कोळसेवाला होते. पाळी संपवून इंजिन शेडमध्ये आले की आग साफ करायची, राखपेटीतली राख खड्ड्यात ओढायची, तिच्यावर पाणी मारायचे. त्या राखेतून अर्धवट जळलेला कोळसा वेचायला बाया आणि पोरे उभी असत. माझी आजी त्यांत असे. तिची चूल त्यावर पेटे. बॉयलर धुवायचा दिवस असला की धुराच्या पेटीत साचलेली काजळी कोणीतरी आत वाकून खरवडून काढायची असे. ते काम कोणाकडे जाई हे सांगण्याची गरज नाही. ड्रायव्हर, फिटर, बॉयलर तपासणारा, फायरमन, खलाशी, कोळसेवाला अशी उतरंड होती. त्या उतरंडीच्या तळाशी चिकटलेला माणूस वर चढल्याचे आजोबांनी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिले.

आणि हे केवळ आमच्या घरचे गाऱ्हाणे नाही. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. त्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, हे आपण नेहमी उद्धृत करतो. त्याच भाषणात त्यांनी रेल्वेतील कामाच्या जातवार वाटणीचा जो हिशेब मांडला त्याकडे मात्र कमी लक्ष जाते. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. पोर्टरची जागाही त्याला मिळत नाही, कारण पोर्टरकडून स्टेशनमास्तर घरची कामे करून घेतो आणि घरात अस्पृश्य चालत नाही. रेल्वेच्या कारखान्यांत वरच्या जागांची दारे त्याला बंद. या विवेचनाचा अर्थ नीट लावला पाहिजे. स्टेशनात वाफ होती, तार होती, सिग्नल होते, घड्याळ होते. आधुनिक म्हणावे ते सगळे होते. आणि त्या सगळ्याच्या मधोमध स्टेशनमास्तरच्या माजघराचा सोवळेपणा नोकरभरती ठरवत होता. मार्क्सच्या भाकिताला मनमाडने दिलेले हे उत्तर आहे, आणि ते रेल्वेत राबणाऱ्या माणसांसमोर, त्यांच्याच अनुभवावरून दिलेले आहे. आपल्या डाव्या मित्रांनी ते शांतपणे वाचावे अशी माझी विनंती आहे.

कलकत्त्यातही उत्तर देणारे होते. १९२८ साली तेथील सफाई कामगारांनी दोन वेळा संप केला. पहिल्या संपानंतर दिलेले आश्वासन महापालिकेने पाळले नाही म्हणून दुसऱ्यांदा. प्रभावती दासगुप्ता आणि मुझफ्फर अहमद यांनी बंगालच्या सफाई कामगारांची संघटना बांधली होती. प्रभावतींना ते कामगार ‘धांगड माँ’ म्हणत. ज्या महापालिकेविरुद्ध हा संप झाला तिची सत्ता १९२४ मध्ये राष्ट्रीय चळवळीतल्या पुढाऱ्यांकडे आली होती आणि देशबंधू दास तिचे पहिले महापौर झाले होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. खराटा खाली ठेवला की काय होते ते तेव्हा शहराने पाहिले. वाघिणी भरल्याच गेल्या नाहीत तर इंजिनाने काय ओढायचे? रेल्वे, बॉयलर, फ्रेंच कारखाना, संचालकांचे नाव या सगळ्यांची मदार कोणाच्या फावड्यावर होती हे संपाच्या त्या दिवसांइतके स्वच्छ कधी दिसले नसेल.

मुंबईकर वाचकाला हे दूरचे वाटू नये. कुर्ला ते चेंबूर हा रूळमार्ग १९०६ मध्ये टाकला गेला तो माणसांसाठी नव्हे, कचऱ्याच्या गाड्यांसाठी. माणसांची वाहतूक त्यावर १९२४ मध्ये सुरू झाली. म्हणजे अठरा वर्षे त्या मार्गावर कचरा हाच प्रवासी होता. १९२७ पासून देवनारचे कचऱ्याचे मैदान सुरू झाले. सफाई खात्यात नोकरी असणे याला मुंबईत ‘कचरापट्टीत असणे’ म्हणत, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या आजोबा-पणजोबांची मुंबई या एका शब्दात सुरू होते. गावचा महारवाडा सोडून आलेला माणूस शहराच्या कडेला, कचऱ्याच्या रुळाशेजारी वसला. पुढे शहरातून उठवलेली वस्तीही त्याच बाजूला नेऊन टाकण्यात आली. गावकुसाबाहेरचे घर आणि कचऱ्याच्या रुळाकाठची झोपडी यांत अंतर किती, हा प्रश्न आपल्या आत्मकथनांनी विचारला आहे. इतिहास लिहिणाऱ्यांनी तो अजून पुरता विचारलेला नाही. आज हार्बर मार्गाने चेंबूरला उतरणाऱ्या विद्यार्थ्याला तो मार्ग कशासाठी टाकला होता हे कोणत्या क्रमिक पुस्तकात वाचायला मिळते?

आता जतनाचा प्रश्न. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयाची कोनशिला ७ ऑक्टोबर १९७१ रोजी राष्ट्रपती गिरींच्या हस्ते बसली, आणि १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते खुले झाले. मायकेल सॅटो या इंग्रज रसिकाने त्यासाठी फार खटपट केली. जुनी इंजिने कुठे कुठे धूळ खात पडली होती ती हुडकून काढली. त्या कामाला मी नावे ठेवणार नाही. असा माणूस नसता तर रामगती भंगारात वितळून गेले असते आणि आज त्याविषयी बोलायला आपल्यापाशी काहीच उरले नसते. भंगारातून वस्तू वाचवणाऱ्याची किंमत आपल्या वस्तीला तरी कळली पाहिजे.

पण जतन म्हणजे केवळ वाचवणे नव्हे. जतन करणारा निवड करतो. काय घासून काढायचे, काय रंगवायचे, काय सांगायचे हे तो ठरवतो. कचऱ्याच्या वाघिणींमागे राबलेल्या इंजिनावर जो थर साचला असेल तो पहिल्यांदा निघतो. मग रंग चढतो, पितळ चकचकीत होते. इंजिन जणू आजच पॅरिसहून उतरले आहे असे दिसू लागते. त्याच्या आयुष्याचा तो तुकडा खरवडून टाकला की उरते ते शोभेचे यंत्र. गावात मेलेले ढोर ओढणाऱ्याला सणाच्या दिवशी नवे कापड देऊन फोटो काढावा, तसा हा प्रकार आहे.

यंत्रांतही मग आपोआप वर्ण पडतात. १८५५ साली लीड्सला बनलेले ‘फेअरी क्वीन’ पाहा. १८५७ च्या बंडात फौजा नेल्या म्हणून त्याची कीर्ती. १९९७ पासून दिल्लीहून अलवारला पर्यटकांची गाडी ओढण्यासाठी ते पुन्हा पेटवले गेले. १९९८ मध्ये जगातील सर्वांत जुने चालू इंजिन म्हणून गिनीजच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. वयाने रामगती त्याच्याहून सातच वर्षांनी धाकटे. पण कचरा ओढलेल्या इंजिनाला कोणी राणी म्हणत नाही.

याच संग्रहालयाच्या संदर्भात एक गमतीदार पत्र नेहमी सांगितले जाते. १९०९ साली ओखिलचंद्र सेन नावाच्या एका बाबूंनी साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला मोडक्यातोडक्या इंग्रजीत तक्रार केली. शौचाला उतरलो, गाडी सुटली आणि माझी फजिती झाली, अशी. त्या पत्रामुळे खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचालये आली असे सांगतात आणि लोक ते वाचून पोट धरून हसतात. हसायला हरकत नाही. बाबूंची अडचण खरी होती. पण त्या शौचालयांतून जे रुळांवर पडले ते पुढे शंभर वर्षे कोणी उचलले, हा प्रश्न ते पत्र वाचून कोणाच्या मनात येत नाही. १९९३ मध्ये हाताने मैला उचलण्याविरुद्ध कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा झाला. २७ मार्च २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाला रेल्वेचे नाव घेऊन सांगावे लागले की रुळांवरची ही प्रथा संपवण्याचा कार्यक्रम मुदत ठरवून आखा. डब्यांना जैव-शौचालये बसवण्याचे काम त्यानंतरच्या काही वर्षांत मोठ्या प्रमाणावर झाले. बाबूंचे पत्र काचेत राहते. ज्यांनी रूळ साफ केले त्यांचा खराटा मी कोणत्याही काचेत पाहिलेला नाही.

यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतील हे मला ठाऊक आहे. यंत्रप्रेमी म्हणतील, हे यंत्रांचे संग्रहालय आहे, समाजशास्त्राचे नव्हे. त्यांना मी विचारीन, मग संचालक मुखर्जींचे नाव तिथे कशाला? नाव काही बॉयलरचा भाग नव्हे. एका माणसाचे नाव सांगायला जागा आहे तर इतर माणसांच्या कामाचे दोन शब्द लिहायला जागा का नाही? आणि कचरा भरणारे हात हा त्या यंत्राच्या कामाचाच भाग होता. भरलेल्या वाघिणीवाचून ते इंजिन म्हणजे नुसते पाणी तापवण्याचे भांडे.

आपल्यातील काही तरुण कार्यकर्ते दुसऱ्या टोकाचे बोलतील. साहेबांनी आणि बाबूंनी केलेले यंत्र, त्यांचे त्यांनी सांभाळावे, आपल्याला त्याचे काय? ही भूमिका मला मान्य नाही. यंत्राचा तिटकारा ही आपली परंपरा नव्हे. काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांसाठी काय केले याचा १९४५ मध्ये झाडा घेताना बाबासाहेबांनी गांधीवादी यंत्रविरोधाचा कठोर समाचार घेतला. यंत्रामुळे होणारे अनर्थ यंत्राचे नसून चुकीच्या समाजरचनेचे आहेत, म्हणून यंत्र टाकण्याऐवजी समाजरचना बदलली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. कष्टातून सुटका नाही तर फुरसत नाही, आणि फुरसत नाही तर माणसाला संस्कृतीही नाही, असे ते मानत. हा विचार घेऊन रामगतीसमोर उभे राहिले की तक्रारीची दिशाच बदलते. वाफ आली ही तक्रार नाही. ती आमच्या हातापर्यंत आली नाही, ही तक्रार आहे. वाघीण भरणाऱ्याला यंत्र हवे होते. त्याला ते शंभर वर्षांनीही मिळाले नाही, आणि गटारात उतरणाऱ्याला आज यंत्र उपलब्ध असूनही पुष्कळदा मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई २०१४ मध्ये दहा लाख ठरवली होती, ती २०२३ च्या ऑक्टोबरात तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागते याचा अर्थ मृत्यू थांबलेले नाहीत.

म्हणून हे इंजिन आपण परके मानता कामा नये. तो आपला दस्तऐवज आहे. फक्त तो अर्धा आहे. उरलेला अर्धा भाग कागदांत आणि माणसांत विखुरलेला आहे. महापालिकांच्या हजेरीपटांत, पगाराच्या वह्यांत, संपाच्या पत्रकांत, चाळीतल्या पेटीत ठेवलेल्या पितळी बिल्ल्यांत तो आहे. ते बिल्ले भंगारात जात आहेत, आणि ते हुडकायला कोणी सॅटो साहेब येणार नाही.

आमच्या महाविद्यालयात इतिहासाच्या प्रकल्पासाठी मुले किल्ले आणि देवळे निवडतात. ती निवडण्यात गैर काही नाही, माहिती तयार मिळते आणि गुणही मिळतात. यंदा मी काही विद्यार्थ्यांना चेंबूर-गोवंडीच्या वस्तीत निवृत्त सफाई कामगारांकडे पाठवणार आहे. सोबत प्रश्नांचा एक कागद देणार आहे. कामावर पहिल्यांदा कोणी लावले, बापाने की मुकादमाने? कचऱ्याच्या गाडीविषयी वडिलांकडून काय ऐकले? वाघीण भरायला किती माणसे लागत, बाया कोणते काम करत? पाटी स्वतःची होती की खात्याची? गाडीवर ड्रायव्हर कोण होता, आणि तो तुमच्या हातचे पाणी पीत होता का? इतर शहरांतील शिक्षकांनी आपापल्या गावी हेच प्रश्न विचारून पाहावेत. मिळालेली उत्तरे बोलणाऱ्याच्या बोलीत, जशीच्या तशी उतरवून ठेवावीत. भाषा सुधारायला जाऊ नये.